एका रकान्यातले घर



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजले जाते, त्यांच्या हाताखाली मी चार वर्षे शिकलो. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावर उभे राहताना आजही नखे कापली आहेत की नाहीत, हे एकदा पाहून घ्यावेसे वाटते. संयोजकांनी मला ‘संगणक आणि ग्रामीण विकास’ असा भारदस्त विषय सुचविला होता. तो मी नम्रपणे परत केला. त्या विषयावर बोलणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांतील बहुतेकांना जोयडा तालुका नकाशावर शोधावा लागतो. मी माझ्या धंद्यातला एक अगदी लहानसा विषय घेऊन आलो आहे. तक्त्यातील अनेक रकाने एकत्र करून त्यांचा एकच रकाना कसा करावा, आणि त्या रकान्याच्या एकेका चौकटीत एक अख्खी यादी कशी बसवावी, एवढाच तो विषय. माझी उमेदीची वर्षे पुण्यात आकडेवारी संगणकात भरण्यात आणि भरलेली सुधारण्यात गेली. पण या विषयाचा पहिला धडा मला पुण्यात मिळाला नाही. तो या टेबलावर ठेवलेल्या वहीत आहे.

ही वही गुरुजींची. आडवी, जाड पुठ्ठ्याची, कडा उंदरांनी थोडी कुरतडलेली. ज्यांचे बालपण काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावरील जुन्या सुपा गावात गेले, त्यांना तिचा काळ सांगावयास नको. धरणाचे काम चालू झाले होते, गावे उठणार हे ठरले होते, आणि घरोघर माणसे मोजण्याचे कागद फिरत होते. पुढे १९८७ साली धरण पूर्ण झाले. सुपा पाण्याखाली गेले, तालुक्याची कचेरी जोयड्याला आली, बरीच कुटुंबे रामनगरच्या वसाहतीत गेली, आणि सुपा हे नाव बव्हंशी धरणाकडेच राहिले.

त्या दिवसांत एका कार्यालयाचा छापील तक्ता भरण्याचे काम गुरुजींकडे आले होते. कार्यालयाचे नाव मी घेत नाही. तक्ता करणाऱ्याच्या मनात काही वाईट नसावे. तक्त्यात प्रत्येक घराला एक ओळ होती. घरक्रमांक, कर्त्याचे नाव, आणि त्यापुढे ‘मूल १ – नाव, वय, इयत्ता’, ‘मूल २ – नाव, वय, इयत्ता’, असे चार मुलांपर्यंत बारा रकाने. पाचव्या मुलाला जागा नव्हती. आमच्या घरी आम्ही सात भावंडे, आणि मी सहावा. म्हणजे त्या कागदापुरता मी जन्मलोच नव्हतो. शेजारच्या घरी एकच मुलगी. तिच्या ओळीत नऊ चौकटी कोऱ्या. एका ओळीत माणसे मावत नाहीत आणि लगतच्या ओळीत जागा ओस पडली आहे, असा तो तक्ता. गुरुजींनी तो सांगितल्याप्रमाणे भरून दिला, जादा मुलांची नावे समासात बारीक अक्षरांत लिहिली, आणि घरी येऊन स्वतःची ही वही आखली.

वहीच्या पानावर उभे रकाने तीनच आहेत: घरक्रमांक, कर्त्याचे नाव आणि ‘घरातील माणसे’. तिसरा रकाना मात्र पानाची दोन तृतीयांश रुंदी व्यापतो. त्या एका रकान्यात, एकाच घरासमोर, माणसांची एकाखाली एक यादी आहे. आणि यादीतील प्रत्येक नावाशी त्या माणसाचे जन्मवर्ष, इयत्ता आणि नाते जोडलेले आहे. दोन माणसांच्या घराने दोन बोटे जागा घेतली आहे, अकरा माणसांच्या घराने अर्धे पान. पुढच्या घराची ओळ मागच्या घराची माणसे संपल्यावरच सुरू होते.

आपल्या स्वयंपाकघरातला मिसळणाचा डबा आठवा. मांडणीवर तो एकच डबा, पण झाकण काढले की आत वाट्या. मोहरीच्या वाटीत मोहरी, हळदीच्या वाटीत हळद. डबा उचलला की साऱ्या वाट्या एकदम हातात येतात, आणि तरी हळद मोहरीत मिसळत नाही. तक्त्याची एक चौकट म्हणजे असा डबा करावयाचा, एवढीच ही कल्पना.

ती काही गुरुजींनी शोधली नाही, आणि संगणकवाल्यांनीही नाही. आपला हा जिल्हा १८६२ पासून १९५६ पर्यंत मुंबई इलाख्यात आणि पुढे मुंबई राज्यात होता, त्यामुळे आपल्या आजोबांच्या तोंडी सातबारा हा शब्द होता. आता त्या जागी पहाणी आली. सातबारा म्हणजे तरी काय? गावनमुना सात, ज्यात जमिनीचे हक्क, आणि गावनमुना बारा, ज्यात पिके. हे दोन एका कागदावर आणून बसविलेले. वरच्या बाजूस एक सर्व्हे नंबर आणि त्याच्या पोटात धारण करणाऱ्यांची नावे, प्रत्येक नावाशी त्याचा हिस्सा. आता त्याच्याच शेजारचा आठ-अ पाहा. तेथे वर एक खातेदार आणि त्याच्या पोटात त्याच्या साऱ्या सर्व्हे नंबरांची यादी. माहिती तीच. एका कागदात जमिनीच्या पोटी माणसे आहेत, दुसऱ्यात माणसाच्या पोटी जमिनी. कोणाच्या पोटात काय घालावयाचे, हे आपल्याला कोणता प्रश्न विचारावयाचा आहे त्यावर ठरते. ‘हे शेत कोणाचे?’ असे विचारणाऱ्याने आठ-अ चाळत बसू नये. हे ज्याला उमगले त्याला माझ्या शास्त्राचा अर्धा भाग आला, असे मी माझ्या तरुण सहकाऱ्यांना सांगत असे. त्यांपैकी शहरात वाढलेल्यांना सातबारा समजावून सांगण्यातच तास जाई, हा भाग वेगळा.

जनगणनेचा इतिहास या दृष्टीने मोठा बोधक आहे. १९०१ च्या गणनेत आपल्या देशात चिठ्ठ्यांची पद्धत आली. घरोघर भरलेल्या पुस्तकांतून प्रत्येक माणसाची माहिती एकेका स्वतंत्र चिठ्ठीवर उतरवून घ्यावयाची, आणि त्या चिठ्ठ्या खणाखणांत वाटून मोजावयाच्या. धर्म कळावा म्हणून चिठ्ठीच्या कागदाचा रंगच वेगळा. मोजणीस याहून सोपे काय? पण चिठ्ठी घरापासून सुटली की बाप एका खणात आणि लेक दुसऱ्या खणात. १९४१ पासून तर प्रगणकच प्रत्येक व्यक्तीची वेगळी चिठ्ठी भरू लागला, आणि ती पद्धत अनेक दशके चालली. २००१ मध्ये चिठ्ठीच्या जागी कुटुंबाचे पत्रक आले: एक घर, एक पत्रक, आत माणसे. मोजावयाचे असेल तर सुटी माणसे हवीत, ओळखावयाचे असेल तर घर हवे. या दोन गरजांत शंभर वर्षे हेलकावे खाल्ले गेले. त्याला मी चूक म्हणणार नाही.

संगणकाच्या जगातही हाच हेलकावा आहे. एडगर कॉड नावाचे एक गणिती आयबीएम कंपनीत होते. जून १९७० मध्ये त्यांचा एक लेख प्रसिद्ध झाला, ज्यावर पुढच्या अर्धशतकातील बँका, रेल्वे आरक्षणे आणि शिधापत्रिका उभ्या राहिल्या. त्या लेखातले उदाहरण प्रथम वाचले तेव्हा मला गुरुजींची वहीच आठवली. कॉड यांनी एक कर्मचारी घेतला होता. त्याचा क्रमांक, नाव, जन्मतारीख. आणि पुढे एका रकान्यात त्याच्या नोकऱ्यांचा इतिहास, एका रकान्यात त्याची मुले. नोकरीच्या इतिहासाच्या पोटात पुन्हा पगाराचा इतिहास. म्हणजे डब्यात वाटी आणि वाटीत आणखी एक वाटी. कॉड यांनी सांगितले की हे सारे बाहेर काढून वेगवेगळे साधे तक्ते करा. मुलांचा तक्ता निराळा, आणि प्रत्येक मुलाच्या ओळीत बापाचा क्रमांक लिहा. तो क्रमांक आहे तोवर घर पुन्हा जुळविता येते. एका चौकटीत एकच मूल्य, हा नियम मग आमच्या धंद्यात वेदवाक्य झाला. माझी पिढी त्या नियमात वाढली. पुढे १९९९ साली त्याच परंपरेतल्या एसक्यूएल भाषेच्या प्रमाण रूपात चौकटीत यादी ठेवण्याची सोय अधिकृतपणे आली, आणि आज आर, पायथन यांसारख्या भाषांत शिकणाऱ्या मुलांना यादीचा रकाना नवलाचा वाटत नाही. नियम मोडला असे नव्हे. क्रमांक जपला तर बांधता येते आणि सोडताही येते, हे लोकांना कळले.

आता मी केलेल्या दोन चुका सांगतो. कारण पद्धत समजते ती चुकांतूनच, आणि या चुकांचे परिणाम या सभेतल्या काही जणांनी सोसले आहेत.

२००९ साली जुन्या सुपा शाळेच्या विद्यार्थ्यांचा मेळावा रामनगरात भरवावयाचे ठरले. गुरुजी तेव्हा हयात नव्हते. त्यांच्या मुलाने ही वही माझ्या हाती दिली आणि मी ती संगणकात भरावयास घेतली. मी काय करावे? वहीत जे इतके स्पष्ट होते ते सोडून मी त्या जुन्या छापील तक्त्यासारखेच रकाने पाडले. मूल १, मूल २, असे नऊपर्यंत; प्रत्येकाचे नाव, जन्मवर्ष आणि इयत्ता; सत्तावीस रकाने. बहुतेक घरांपुढे ओसाड माळ पसरला. मग मला वाटले, हे रकाने एकत्र करावे. साऱ्या नावांचा एक रकाना, साऱ्या जन्मवर्षांचा एक, साऱ्या इयत्तांचा एक, आणि मध्ये स्वल्पविराम. पडद्यावर ते फार नेटके दिसले.

उदाहरणादाखल कल्पित नावे घेतो. एका घरात यशोदा, सोमा आणि पार्वती ही तीन मुले. यशोदेचे जन्मवर्ष १९६३, पार्वतीचे १९७०, सोमाचे वहीत नाही. मी एकत्र केले तेव्हा नावांच्या रकान्यात तीन नावे आली, पण वर्षांच्या रकान्यात दोनच वर्षे, कारण कोरी चौकट जोडताना गळून गेली. आता यादी वाचणारा काय वाचणार? यशोदा १९६३, सोमा १९७०, आणि पार्वतीला वर्षच नाही. एका कोऱ्या चौकटीने सोमाला धाकट्या बहिणीचे वय दिले. मी हळदीची सारी हळद एका वाटीत आणि झाकणे दुसऱ्या वाटीत ठेवली होती, आणि कोणते झाकण कोणाचे ते केवळ क्रमावरून ओळखू पाहत होतो.

म्हणून पद्धत अशी. एकत्र करावयाचे ते रकान्यामागून रकाना असे नव्हे, तर माणसामागून माणूस. आधी मूल १ चे नाव, वर्ष, इयत्ता ही तिन्ही एकत्र बांधून एक जुडी करावी. तीत वर्ष नसेल तर त्या जागी ‘माहीत नाही’ अशी स्पष्ट खूण ठेवावी. मग मूल २ ची जुडी. जी जुडी तिन्ही अंगांनी कोरी, म्हणजे जेथे मूलच नाही, तेवढीच टाकून द्यावी. उरलेल्या जुड्यांची यादी करून ती घरक्रमांकासमोर एका चौकटीत ठेवावी. सत्तावीस रकान्यांचा एक रकाना होतो, नऊ मुलांचे घर आणि एका मुलाचे घर शेजारी सुखाने नांदतात, आणि दहावे मूल निघाले तरी तक्ता पुन्हा आखावा लागत नाही. संगणकावर हे काही ओळींचे काम आहे. वहीत ते एका रुंद रकान्याचे काम होते.

येथे विद्यार्थ्यांसाठी थोडे थांबतो. आपल्या तालुक्यात गेली काही वर्षे कंदांचा मेळा भरतो, आणि कुणबी घरांच्या परसातील कणंगे, कोनफळ, सुरण, माडी पाहावयास दूरदूरची माणसे येतात. या शाळेच्या मुलांनी त्या परसांची पाहणी केली, तिचा तक्ता मी काल पाहिला. त्यात ‘कंद १, कंद २, कंद ३’ असे रकाने आहेत आणि प्रत्येकापुढे लावण्याचा व काढण्याचा महिना. मुलांनो, ज्या आजीच्या परसात आठ प्रकार आहेत तिचे पाच तुम्ही कोठे लिहिलेत? एक मुलगी म्हणाली, ‘सर, कागदाच्या मागे.’ मला फार आनंद झाला, कारण गुरुजींनीही समासातच लिहिले होते. पुढच्या वेळी मागची बाजू पुढे आणा. एक परसू, एक ओळ. आणि शेवटच्या रकान्यात कंदांची यादी, प्रत्येक कंदाबरोबर त्याचे महिने.

दुसरी चूक मोठी होती. मेळाव्याची निमंत्रणे काढण्यासाठी मला पुन्हा सुटी नावे हवी होती. बांधलेली यादी सोडविणे सोपे असते: प्रत्येक घर उघडा, आतल्या प्रत्येक मुलासाठी एक ओळ लिहा, ओळीवर घरक्रमांक लिहा. तेवढाच लहानसा प्रोग्राम मी लिहिला. त्याने आज्ञेप्रमाणे काम केले. ज्या घरात पाच मुले त्याच्या पाच ओळी, एक असेल तर एक. ज्या घरात एकही नाही त्याच्या किती? शून्य. ते घर यादीतून नाहीसे झाले. कोणतीही सूचना नाही, चूक दाखविणारा लाल अक्षरांचा इशारा नाही. सोडविलेल्या यादीवरूनच मी पत्रे पाठविली. वहीत होती त्याहून अकरा घरे कमी झाली आहेत, हे मी मोजून पाहिले नाही. आणि मोजणे हाच माझा धंदा होता. आज आर भाषेतले जे लोकप्रिय साधन मुले वापरतात, तेही रिकामी यादी सोडविताना ती ओळ गाळतेच. राखून ठेव असे निराळे सांगावे लागते. ही माझी सबब म्हणून सांगत नाही.

मेळाव्याच्या दिवशी सभागृहाच्या बाहेरच्या कट्ट्यावर एक वृद्ध बाई बसली होती. जुन्या सुप्यातल्या पुष्कळांनी तिला ओळखले. तिला मूलबाळ नव्हते. शाळेच्या मागच्या अंगाला तिचे घर होते, आणि पावसात भिजून आलेल्या लांबच्या वाड्यांवरच्या मुलांना ती चुलीपाशी बसवून अंग शेकू देई. मीही तेथे बसलो आहे. तिला पत्र गेले नव्हते. शेजाऱ्यांचे पाहून ती आली होती, पण पत्र नाही म्हणून आत येत नव्हती. मी जवळ गेलो तेव्हा तिने राग धरला नाही. एवढेच विचारले, ‘बाबा, गुरुजींनी माझं घर लिहिलं नव्हतं का रे?’

लिहिले होते. मी वही आणून तिला पान दाखविले. तिला वाचता येत नव्हते, म्हणून मीच वाचले. घरक्रमांक आहे, तिच्या नवऱ्याचे नाव आहे, तिचे नाव आहे, आणि मुलांच्या जागी गुरुजींच्या वळणदार अक्षरात ‘मुले नाहीत’ असा शब्द आहे. त्यांनी जागा कोरी सोडली नव्हती. वहीत काही ठिकाणी जागा कोरी आहे. ती अशा घरांची जेथे गुरुजी पोचू शकले नव्हते. ‘नाहीत’ आणि ‘विचारले नाही’ यांतला भेद त्यांनी पानोपानी पाळला आहे. मी संगणकात भरताना दोन्ही ठिकाणी रिकामी चौकट ठेवली होती. शेवटी त्याच ओळीत आणखी एक शेरा आहे: ‘शाळेच्या मुलांना पावसात आसरा.’ तोही मी भरला नव्हता, कारण माझ्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

त्यानंतर मी सारी वही पुन्हा भरली. आज तिची रचना अशी आहे: वर जुना घरक्रमांक, पाण्याखाली गेलेल्या घराचा, तो बदलावयाचा नाही. त्याच्या पोटात माणसांची यादी, आणि प्रत्येक माणसाच्या जुडीत सध्याचा ठिकाणा. वसाहतीत एका घराचे दोन भावांत दोन भूखंड झाले, कोणी दांडेलीस गेले, कोणी गोव्यात; पण जुन्या क्रमांकाने ती माणसे अजून एका चौकटीत सापडतात. याहून खोल मी गेलो नाही. डब्यात वाटी ठीक, वाटीत आणखी वाटी आली की शोधणाऱ्याचा हात पोचत नाही, असे माझे मत आहे. काही तरुण सहकाऱ्यांचे तसे नाही. आणि मोजावयाचे असेल तेव्हा, म्हणजे चौथी शिकलेल्या मुली किती असे विचारावयाचे असेल तेव्हा, यादी सोडवावीच लागते. सोडविल्यावर घरांची संख्या आधीइतकीच आहे का, हे मी आता प्रथम पाहतो. त्याशिवाय पुढची ओळ लिहीत नाही.

त्या अकरा घरांपैकी सात घरांच्या माणसांचा किंवा नातलगांचा पत्ता पुढच्या वर्षांत लागला. चार घरांचा अद्याप नाही. त्यांचे जुने क्रमांक आणि कर्त्यांची नावे मी मोठ्या अक्षरांत लिहून सभागृहाच्या दाराशी लावली आहेत. शेजारी दोरीला पेन्सिल बांधली आहे. ज्येष्ठ माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे की जाताना तेथे क्षणभर थांबावे, आणि काही आठवत असेल तर लिहावे. कोठे राहत होते, कोणाच्या नात्यात होते, कोणत्या दिशेने गेले, काहीही. रामनगरकडे जाणाऱ्यांनी बसच्या वेळेचा विचार करून आधी तिकडे जावे. गुरुजींची वही आजपासून शाळेच्या ग्रंथालयात राहील. मुख्याध्यापकांनी तिच्यासाठी काचेचे कपाट केले आहे, पण किल्ली मागितली तर द्यावी, असे मी त्यांच्याकडून कबूल करून घेतले आहे.